भुयारातून आलेली कादंबरी

1824 सालच्या अखेरीस सोळा वर्षांचा एक इंग्रज मुलगा औरंगाबादच्या छावणीत दाखल झाला. ज्या व्यापाऱ्याच्या भरवशावर तो विलायतेहून मुंबईला आला होता, त्याचंच दिवाळं निघायच्या बेतात होतं. मग कोणा नातलगाच्या शब्दावर निजामाच्या फौजेत त्याची वर्णी लागली. फिलिप मेडोज टेलर त्याचं नाव. पुढची बहुतेक हयात त्याने निजामाच्या मुलखात काढली, सुरपूर आणि नळदुर्ग इथे कारभार पाहिला, इथल्या भाषा शिकला, आणि जमलं तसं लिहीत राहिला. 1839 मध्ये ठगांवरचं त्याचं गाजलेलं पुस्तक आलं, 1840 मध्ये 'टिपू सुलतान' आणि 1863 मध्ये 'तारा'. या शेवटच्या कादंबरीची नायिका तुळजापूरची आणि तिच्या पाठीमागे उसळतो तो अफझलखानाच्या स्वारीचा काळ.

वर्गात इतिहासाच्या पुस्तकाआड धरून वाचली जाणारी मराठी गडकिल्ल्यांची कादंबरी घेतली आणि तिचा वंशवृक्ष उलटा चढत गेलं, तर त्याची एक फांदी या छावणीपाशी येऊन टेकते. हरिभाऊ आपट्यांची पहिली ऐतिहासिक कादंबरी 'म्हैसूरचा वाघ' ही टेलरच्या 'टिपू सुलतान'वर बेतलेली होती. हरिभाऊंचा ऐतिहासिक कादंबरीला हात बसला तो या उसनवारीवर, असं माझं मत आहे. टेलरचा गुरू सर वॉल्टर स्कॉट. 1814 चं 'वेव्हर्ली' आणि 1819 च्या शेवटी आलेलं 'आयव्हनहो' या दोन पुस्तकांत त्याने जी रीत घालून दिली ती सगळ्या जगाने उचलली. खरा राजा कडेला उभा करायचा, मध्यभागी एखादा कल्पित तरुण ठेवायचा, आणि त्याला दोन पक्षांच्या कात्रीतून पळवायचं. मधे वेषांतर, निरोप, कैद, सुटका.

स्कॉटने हे मुलांसाठी लिहिलं नव्हतं. पण वडिलांच्या कपाटातून पुस्तक लांबवायला मुलांना कोणाची परवानगी लागत नाही. दोन पिढ्यांत 'आयव्हनहो' शाळकरी वयाचं पुस्तक होऊन बसलं. मराठीतही नेमकं हेच झालं, फक्त एक गोष्ट सोडून. ती पुढे येईलच.

मराठी कादंबरीचं पहिलं दशक अद्भुताचं. 1861 ची 'मुक्तामाला', 1868 ची 'मंजुघोषा'. राजपुत्र, विरह, चमत्कार. या गर्दीत रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनी 1871 मध्ये 'विविधज्ञानविस्तार'मधून 'मोचनगड' आणली. किल्ला कल्पित, काळ शिवाजी महाराजांचा. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून तिचा मान मोठा. पण माझ्या लेखी तिचं खरं काम वेगळंच. तिने अद्भुत कथेतला जादूचा महाल काढून टाकला आणि त्या जागी सह्याद्रीतला गड ठेवला. तळघर, चोरवाट आणि बुरुजावरचा पहारा हे सामान नवं नव्हतं, पण आता त्यांना खरी माती लागली. वाचक जिथे चालत जाऊ शकतो अशा जागी चमत्कार घडू लागले.

1890 मध्ये हरिभाऊंनी 'करमणूक' साप्ताहिक काढलं. घरातल्या कोणापासूनही लपवावं लागू नये असं वाचन पुरवायचं, हा त्यामागचा हेतू. या एका धोरणाने मुलांच्या ऐतिहासिक वाचनाचं जितकं भलं झालं तितकं मुलांसाठी म्हणून काढलेल्या कित्येक नियतकालिकांनी झालं नसेल. 'उषःकाल' 1895 पासून त्यात हप्त्याहप्त्याने आली. हप्त्याची कादंबरी लिहिणाऱ्याला प्रत्येक आठवड्याला कोणाला तरी अडचणीत सोडून थांबावं लागतं. त्यामुळे साहसकथेची ओढ आपोआप आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'गड आला पण सिंह गेला' आली, आणि तानाजी मालुसऱ्यांची सिंहगडची रात्र मराठी घरात कायमची मुक्कामाला राहिली. पुढे शाळेतल्या धड्यापासून गणपतीतल्या देखाव्यापर्यंत ती रात्र जिथे जिथे गेली, तिथे हरिभाऊंची मांडणी थोडीफार बरोबर गेलीच.

त्याच सिंहगडावर हरिभाऊंनंतरच्या पिढीतला एक तरुण शिकारीला गेला असता कड्यावरून कोसळला आणि कमरेखाली लुळा झाला. द्वारकानाथ माधव पितळे हा तो तरुण. अंथरुणाला खिळल्यावर त्याने वाचनाचा सपाटा लावला आणि मग 'नाथमाधव' या नावाने लिहायला घेतलं. 1913 ची 'वीरधवल' ही मराठी मुलांनी वर्षानुवर्षं एकमेकांच्या हातून हिसकावून वाचलेली कादंबरी. तिच्यातलं राज्य नकाशावर सापडत नाही, पण वातावरण सगळं मध्ययुगाचं. नंतर त्यांनी 'स्वराज्याचा श्रीगणेशा'पासून सुरू होणारी शिवकालीन मालिका लिहिली. ज्या माणसाला घराचा उंबरा ओलांडायला दुसऱ्याचा खांदा लागे, त्याने दोराला लटकून कडे चढणारे नायक शेकडो पानं पळवत ठेवले. समीक्षकांनी नाथमाधवांना फारसं मनावर घेतलं नाही. वाचनालयातल्या प्रतींची पानं मात्र तंबाखू-सुपारीच्या बोटांनी तपकिरी झाली. रंजकता हा तेव्हा दोषच मानला जाई, आणि आजही तो थोडाफार मानला जातोच.

आता ती राहिलेली गोष्ट.

इंग्लंडात 1880 च्या आसपास एक वळण आलं. 'यंग फोक्स' नावाच्या मुलांच्या साप्ताहिकात रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने 'ट्रेझर आयलंड' हप्त्यांत लिहिली, आणि मग 1883 मध्ये पंधराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवीवर 'द ब्लॅक ॲरो'. गंमत अशी की, त्या साप्ताहिकाच्या पोरांना 'ट्रेझर आयलंड'पेक्षा ही दुसरी जास्त आवडली. खुद्द स्टीव्हन्सन तिला फारशी किंमत देत नसे. या कादंबऱ्यांत मूल किंवा मिसरूड न फुटलेला पोरगा गोष्टीच्या मध्यभागी आला. तो चुकतो, घाबरतो, पिंपात लपून मोठ्यांचं कारस्थान ऐकतो. जी. ए. हेंटीने हाच साचा साम्राज्याच्या कामाला जुंपला. 1902 मध्ये त्याने मराठे आणि इंग्रज यांच्या युद्धावर मुलांची कादंबरी लिहिली. तिच्यात आईबाप मारले गेलेल्या इंग्रज पोराला त्याची मराठी दाई आपल्या गावात लपवून वाढवते, आणि तो मराठी पोरांत मराठी होऊन मोठा होतो. कल्पना झकास, राजकारण उघडंनागडं. पुढे हा पोरगा अर्थातच कंपनीच्या बाजूने लढतो.

मराठीत हे वळण आलं नाही. मुलांची मासिकं होती; विनायक कोंडदेव ओकांचं 'बालबोध' 1881 चं, वासुदेव गोविंद आपट्यांचं 'आनंद' 1906 चं. त्यांनी मुलांना चरित्रं दिली, बोध दिला, छोट्या ऐतिहासिक गोष्टी दिल्या. पण इतिहासाची लांब, पळती, दमवणारी कादंबरी मोठ्यांच्याच पुस्तकांतून खाली उतरत राहिली. कधी मुळातली, कधी 'कुमारांसाठी संक्षिप्त' असा शिक्का मारलेली. संक्षेप करताना वर्णनं गेली, प्रेमप्रकरणं गेली, लढाया राहिल्या. नायक मात्र मिशीवालाच राहिला. पारतंत्र्यात लिहिणाऱ्याला आदर्श उभा करायचा होता आणि आदर्श दहा वर्षांचा असून भागत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण त्यामुळे मराठी मुलाची जागा ठरून गेली. त्याने पायथ्याशी बसून ऐकायचं, गड दुसरं कोणीतरी चढणार.

औरंगाबादेत तर हे ऐकणंही सरळ नव्हतं. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत हे शहर निजामाच्या राज्यात. सरकारी कारभार आणि वरचं शिक्षण उर्दूत. 1918 साली सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दूतूनच शिकवणारं. सरस्वती भुवनसारख्या संस्था मराठीचा किल्ला लढवत होत्या आणि पुण्या-मुंबईची पुस्तकं हद्द ओलांडून येत होती. पण शेजारच्या गल्लीतला उर्दू वाचणारा मुलगाही काही उपाशी नव्हता. लखनौचे अब्दुल हलीम शरर, ज्यांनी पुढे हैदराबादेत नोकरीही केली, यांनी 1888 मध्ये 'मलिकुल अज़ीज़ वर्जिना' लिहिली, ती स्कॉटवर चिडून. स्कॉटच्या 'टॅलिस्मन'मध्ये क्रुसेडच्या काळातले मुसलमान ज्या रंगात आले ते त्यांना खटकलं होतं. म्हणजे एकाच शहरात दोन भाषांतली मुलं घोडे, तलवारी आणि वेढे वाचत होती, दोघांच्या पुस्तकांचा पणजोबा एकच स्कॉट, आणि दोघांचे वीर समोरासमोर उभे. या शहरातल्या गोष्टींचा मागोवा घेताना एकच घराणं सांगून पुढे जाणं मला अर्धवट वाटतं.

स्वातंत्र्यानंतर गो. नी. दांडेकर आले आणि त्यांनी एक फार मोलाची दुरुस्ती केली. ते स्वतः पोरवयात घरातून पळालेले, गाडगेबाबांबरोबर हिंडलेले, गड पायांनी पाहिलेले. 'बया दार उघड', 'हरहर महादेव', 'दर्याभवानी', 'झुंजार माची', 'हे तो श्रींची इच्छा' या त्यांच्या शिवकालीन कादंबऱ्यांत सरदारांच्या जागी साधा माणूस आला. त्यांच्या गडाला पाण्याचं टाकं असतं, करवंदीची जाळी असते, पावसाळ्यात निसरडी होणारी नेमकी पायरी असते. नाथमाधवांचा गड कल्पनेने रचलेला, गोनीदांचा तुडवलेला. पुढे 'श्रीमान योगी' आणि 'छावा' या जाडजूड पुस्तकांवर शाळकरी मुलांनी झडप घातली, ती मोठ्यांचीच पुस्तकं वाचायच्या याच सवयीने. 1971 मध्ये पाठ्यपुस्तक मंडळाचं 'किशोर' आलं, अमर चित्रकथेतून चित्रांचा शिवाजी आला, चौथीच्या वर्गाला अख्खं शिवचरित्र आलं. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बाबा भांडांचं साकेत प्रकाशन उभं राहिलं. पैठण तालुक्यातून आलेल्या या लेखकाने मुलांसाठी लिहिलंही भरपूर. त्यांच्या 'दशक्रिया'त तर गोदावरीच्या घाटावरचा पोरगाच मध्यभागी आहे. पण ती कादंबरी आजची, आणि मोठ्यांची.

मग मध्ययुगातलं मूल मराठीत कुठेच नव्हतं? होतं, आणि फार आधीपासून होतं. फक्त ते कादंबरीत नव्हतं, कीर्तनात होतं. तेराव्या शतकाच्या शेवटी, देवगिरीवर रामदेवराव यादवांचं राज्य असताना, चार पोरकी भावंडं आळंदीहून पैठणला निघाली. थोरला निवृत्ती चौदा-पंधरा वर्षांचा, धाकटी मुक्ता आठ-नऊ वर्षांची. आईबापांनी प्रायश्चित्त म्हणून देह टाकलेला, गावाने वाळीत टाकलेलं, आणि शुद्धिपत्र आणायचं तर जवळपास दोनशे किलोमीटर चालायचं. पैठणच्या ब्रह्मवृंदाने टवाळी केली तेव्हा ज्ञानदेवांनी रेड्याच्या मुखातून वेद वदवले, असं कीर्तनकार सांगतो, आणि प्रत्येक पिढीतली पोरं तिथे सरसावून बसतात. 1940 मध्ये प्रभातच्या 'संत ज्ञानेश्वर'ने हाच प्रवास पडद्यावर आणला. चमत्कार बाजूला ठेवला तरी साहसकथेचा अख्खा सांगाडा इथे आहे: अनाथ मुलं, लांबची वाट, शत्रुत्व धरून बसलेलं मोठ्यांचं जग, आणि बुद्धीच्या जोरावर मिळवलेला विजय. याच सुमाराच्या महानुभावांच्या 'लीळाचरित्रा'त कावळ्याच्या शेणाच्या आणि साळैच्या मेणाच्या घराची गोष्टही आहे, जी आपण आजही चिमणीच्या नावाने पोरांना भरवतो. मराठी गद्याचं पहिलं मोठं पुस्तक बाळगोष्टीला आत घेतं. नंतरच्या कादंबरीने मात्र मुलाला ओसरीवर ठेवलं.

आणि देवगिरी तर उशाशी आहे. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खलजी आला तेव्हा युवराज शंकरदेव मुख्य सैन्यासह बाहेर होता. घाईघाईने गडावर चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं, असं फिरिश्ता लिहितो. ही एक ओळ कोणत्याही कादंबरीकाराला वर्षभर पुरावी: पोती कोणी भरली, कोणी मोजली, आणि पहिलं पोतं फाडलं तेव्हा तिथे कोण उभं होतं? पुढे मुहम्मद तुघलकाने 1327 च्या सुमारास इथे राजधानी आणली. त्याच्या काळात आलेल्या इब्न बतूताने इथल्या कैद्यांच्या खड्ड्यांतल्या उंदरांबद्दल लिहून ठेवलंय. ते म्हणे मांजरांपेक्षा मोठे, आणि मांजरंच त्यांना पाहून पळत.

तरीही शहरातल्या मुलाला देवगिरी, म्हणजे आजचा दौलताबाद, कळतो तो पुस्तकातून नाही, शाळेच्या सहलीतून. चांदमिनार, चिनीमहाल, मेंढा तोफ हे सगळं उन्हात भराभर उरकलं जातं. मग खंदकावरचा पूल, आणि पलीकडे अंधारी. आत शिरल्याबरोबर वटवाघळांचा उग्र वास नाकात बसतो. पायऱ्या एका मापाच्या नाहीत, एक गुडघाभर, दुसरी वीतभर, म्हणजे धावत येणाऱ्याने ठेचकाळावंच. वाट वळते, पुन्हा वळते. भिंतीला हात लावून चालणाऱ्या मुलाला एके ठिकाणी उजेडाची तिरीप दिसते आणि तो तिकडे वळू पाहतो. तिथे वाटाड्या हात आडवा धरतो. शत्रूही असाच उजेडाला भुलायचा, तो सांगतो, आणि थेट खाली खंदकात. मग तो दिवा विझवतो. क्षणभर कोणी बोलत नाही, मग चाळीस पोरं एकदम किंचाळतात. वरच्या तोंडाला लोखंडी झाकण टाकून त्यावर निखारे पेटवायचे आणि धूर आत सोडायचा, हे ऐकेपर्यंत अर्ध्या वर्गाने बाईंचा पदर धरलेला असतो. गुंजीकर आणि हरिभाऊ जे भुयार कागदावर आणत होते, ते इथे काळ्या दगडात कोरलेलं तयार आहे. कादंबरीने याच्याकडे पाठ का फिरवली याचं माझं उत्तर असं की, देवगिरीची गोष्ट हरण्यात संपते. राष्ट्राचा हुरूप वाढवायला निघालेल्या घराण्याला शेवटी भगवा फडकलेला हवा होता.

पण याच मुलखात जिंकणारा नायकही होता. इथिओपियात जन्मलेलं, गुलाम म्हणून विकलं गेलेलं चापू नावाचं एक पोर. बाजारामागून बाजार, बगदादेत नवं नाव, मग समुद्र ओलांडून अहमदनगरच्या निजामशाहीत. तोच पुढचा मलिक अंबर. 1610 मध्ये त्याने खडकी वसवली, म्हणजे हेच शहर, आणि त्याला जमिनीखालून नहर बांधून पाणी आणलं. मुघलांना त्याने गनिमी काव्याने इतकं दमवलं की जहांगीर बादशहाने शेवटी एक चित्र काढून घेतलं, पृथ्वीच्या गोलावर उभं राहून आपण अंबरच्या तोडलेल्या मुंडक्यावर बाण सोडतोय असं. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याच्या हाती कधीच लागलं नाही. 1626 मध्ये अंबर म्हातारा होऊन वारला. खुलदाबादला त्याची कबर आहे. मुलांच्या कादंबरीला याहून काय हवं? अडचण एवढीच की आपल्या ठरलेल्या दोन रांगांपैकी एकीतही तो नीट उभा राहत नाही.

आणि मग 1666. आग्र्याच्या वाटेवर शिवाजी महाराज औरंगाबादेत थांबले. सुभेदार सफशिकनखानाने सामोरं यायचं सोडून पुतण्याला धाडलं, तेव्हा महाराज त्याच्याकडे न जाता सरळ मुक्कामावर गेले, आणि मग खानालाच यावं लागलं. त्यांच्याबरोबर नववं वर्ष चालू असलेले शंभूराजे होते. आज शहराला ज्यांचं नाव आहे, ते या रस्त्यांवरून गेले ते या वयात. आग्र्याहून लिहिलेल्या राजस्थानी पत्रांत या मुलाच्या देखणेपणाची नोंद आहे. वडिलांवर चौक्या बसल्यानंतरही हा मुलगा औरंगजेबाच्या दरबारात जात राहिला. ऑगस्टमध्ये सुटका झाली. महाराजांनी शंभूराजांना मथुरेत मोरोपंतांच्या ब्राह्मण नातलगांकडे ठेवलं आणि पुढे निघून गेले. राजगडी पोचल्यावर, पोर वाटेत वारलं अशी आवई मुद्दाम उठवली, म्हणजे मुघलांचा शोध थांबावा. ब्राह्मणाच्या पोराचं सोंग घेतलेल्या शंभूराजांना घेऊन ती मंडळी दक्षिणेकडे निघाली. उज्जैनजवळ अंमलदाराला संशय आला तेव्हा त्यांनी मुलाला आपल्याच ताटात जेवायला बसवून तो दूर केला, असं सांगितलं जातं. कित्येक आठवडे हा मुलगा स्वतःच्या मरणाच्या बातमीबरोबर प्रवास करत होता. आग्र्याच्या सुटकेवर मराठीत डझनावारी प्रकरणं आहेत. त्यांत शंभूराजे पेटाऱ्यात बसतात, मथुरेत उतरतात, आणि पुन्हा दिसतात ते राजगडाच्या दारात, तोवर मोठ्यांची पुढची मसलत सुरू झालेली असते.